वत्सलाअक्कांचा अर्धा तास

चेंडू मारला की सगळ्यांच्या माना चेंडूमागे जातात. मारणाऱ्याची, शेजारच्याची, मागे खुर्च्यांवर बसलेल्या आईवडिलांच्याही. गोल्फच्या मैदानावर हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात पाहण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही. म्हणूनच बेंगळुरूत शिकवायला गेले त्या पहिल्या दिवशी माझं लक्ष त्या बाईंकडे गेलं. दहा-बारा मुलं ओळीनं उभी राहून चेंडू मारत होती आणि या बाई ओळीच्या टोकाला, जरा बाजूला, चेंडू जात होते त्या दिशेला पाठ करून उभ्या होत्या. अंगात फिकट सुती पंजाबी ड्रेस, पायांत जाड तळाचे बूट, डोक्यावर क्रिकेटच्या पंचांची असते तशी पांढरी टोपी. चेंडू कुठे पडला याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. त्या मुलांच्या चेहऱ्यांकडे बघत होत्या.

मला वाटलं, कुणाची तरी आजी असणार. मी जवळ जाऊन मराठीतच म्हणाले, कारण त्या कुणाशी तरी मराठीत बोलताना ऐकलं होतं, "आजी, इकडे या जरा. चेंडू लागेल."

"लागत नाही," त्या मान न वळवता म्हणाल्या. "रोज इथंच उभारतो मी."

पुण्यात वाढलेल्या माझ्या कानांना बाईच्या तोंडी 'उभारतो' ऐकून गंमत वाटली. बेळगाव-निपाणीकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात हे मला नंतर कळलं. तेवढ्यात त्या सरावाच्या मैदानाचे, म्हणजे रेंजचे, मालक सुरेशअण्णा आले आणि त्यांनी ओळख करून दिली. या वत्सला मगदूम. सगळे अक्का म्हणतात. शनिवार-रविवारच्या मुलांच्या वर्गातला पहिला अर्धा तास अक्कांचा. त्यानंतरचा वेळ माझा. माझ्या वेळात मी स्विंग शिकवायचा, पकड सुधारायची, जे काही मला येतं ते सगळं करायचं. पहिल्या अर्ध्या तासात मात्र मध्ये पडायचं नाही.

"पण मग अक्का काय शिकवतात?" मी विचारलं.

सुरेशअण्णा हिंदीत म्हणाले, बघ, दोन-तीन महिन्यांत कळेल. मलाही तेवढाच वेळ लागला.

आमची रेंज सर्जापूर रोड सोडून आनेकलच्या दिशेला आत गेलं की लागायची. उंच जाळ्या, त्यांच्या पलीकडे रोज एकेक मजला चढणाऱ्या इमारती, आणि मागच्या अंगाला सरावासाठी केलेले तीन आखूड होल, म्हणजे टोकाला चेंडू घालायची खळगी असलेल्या गवताच्या पट्ट्या. मुलं बहुतेक आसपासच्या सोसायट्यांतली. आईवडील आयटीतले, पुण्याहून, नागपूरहून, हैदराबादहून आलेले. त्यांच्या जोडीला आनेकलकडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची चार-पाच मुलं बसनं यायची. ती अक्कांनी आणलेली. सुरेशअण्णा त्यांच्याकडून काही घेत नसत. दोन्हीकडची मुलं सुरुवातीला आपापला घोळका करून उभी राहायची. अक्का ती ओळ मोडून पुन्हा लावत आणि म्हणत, "चेंडूला आईबाप माहीत नसतात. तो काठीला लागतो, नाहीतर लागत नाही." क्लब हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. काठीच म्हणायच्या.

त्यांचा अर्धा तास मी आधी चेष्टेनं आणि मग कुतूहलानं बघू लागले. मुलांनी आल्यावर प्रत्येकानं प्रत्येकाला नाव घेऊन नमस्कार करायचा किंवा हात मिळवायचा, डोळ्यांत बघून. नाव विसरलं तर 'विसरलो' म्हणून पुन्हा विचारायचं. मग गप्प उभं राहण्याचा सराव. एकानं चेंडू मारायला काठी उचलली की बाकीच्यांनी हलायचंसुद्धा नाही. दहा वर्षांच्या मुलांना यापेक्षा कठीण काही नसतं. "दुसऱ्याच्या वेळेला आपला श्वासपण त्याचा," अक्का हळूच सांगायच्या. मारताना गवताचं ढेकूळ उखडलं तर ते ज्यानं उखडलं त्यानंच शोधून आणून जागेवर दाबायचं. एकदा एका मुलानं दुसऱ्यानं उकरलेली जागा चांगुलपणानं बुजवली, तर अक्कांनी त्याला ते ढेकूळ पुन्हा काढायला लावलं. "त्याचं त्याला बुजवू दे. तू केलंस तर त्याला कळणार कसं, कुठं उकरलंय ते?"

आणि शेवटी, मागच्या तीन होलांपैकी एक खेळून झाला की त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायच्या. "किती?"

किती फटक्यांत चेंडू होलात गेला ते मुलानं मोठ्यानं सांगायचं. गोल्फ हा असा एक विचित्र खेळ आहे की त्यात बऱ्याचदा पंच नसतो. आपले फटके आपणच मोजायचे, आपणच सांगायचे. मुलं सांगायची, "सात." अक्का म्हणायच्या, "सरी." कानडीत 'ठीक आहे' म्हणायला हा शब्द. कुणी सांगायचं, "चार." त्यावरही, "सरी." त्या सरीमध्ये कौतुक नसायचं आणि नाराजीही नसायची. वाण्यानं पिशवी पुढे केल्यावर म्हणावं तसं ते सरी असायचं.

त्या मुलांत तन्वी देशकर नावाची अकरा वर्षांची मुलगी होती. नागपूरची. तिच्या हातात खरंच खेळ होता. मी तिला पहिल्यांदा मारताना पाहिलं तेव्हा मला माझं लहानपण आठवलं. तिचे वडील जाळीमागे खुर्ची टाकून बसत आणि प्रत्येक फटक्यानंतर काहीतरी सांगत. आवाज न चढवता, पण सतत. एक दिवस मी तन्वीच्या मागे चालत होते. तिनं झुडपाजवळ दोनदा चेंडू मारला, दोन्ही वेळा तो हातभरच हलला, मग बाहेर काढला. माझ्या हिशेबानं सहा झाले. अक्कांनी विचारलं तेव्हा तिनं वडिलांच्या खुर्चीकडे बघितलं आणि म्हणाली, "चार."

"सरी," अक्का म्हणाल्या.

मुलं गेल्यावर मी त्यांना गाठलं. म्हणाले, ती खोटं बोलली, मी स्वतः पाहिलंय, आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत. मग या अर्ध्या तासाचा उपयोग काय?

"तिला माहीत आहे की सहा झालेत म्हणून," अक्का म्हणाल्या. "मला पण माहीत आहे. आणि मला माहीत आहे हे पण तिला माहीत आहे. अजून कुणाला सांगायचंय?" मग त्यांनी मलाच विचारलं, "घरी जाऊन सहा म्हणाली तर काय होत असेल गं?"

आधी मला ते लागलं. पण त्यांनी तो प्रश्न टोमणा म्हणून विचारला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पुढच्या शनिवारी त्यांनी तन्वीला आपल्याबरोबर खेळायला घेतलं. मी लांबून बघत होते. अक्कांना काठी हातात घेतलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि जे पाहिलं त्यानं मी थक्क झाले.

त्यांना अजिबात खेळता येत नव्हतं.

म्हणजे नियम सगळे यायचे, काठी कुठली घ्यायची ते कळायचं, पण चेंडू काही केल्या त्यांचं ऐकायचा नाही. डावीकडे मारला की उजवीकडे जायचा. मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यात गेला की तिथेच मुक्काम करायचा. आणि प्रत्येक फटक्यानंतर अक्का आपला आकडा मोठ्यानं म्हणायच्या, पाच, सहा, सात, जणू कुणी पेरू तोलून देत आहे. होल संपल्यावर त्यांनी तन्वीशी हात मिळवला आणि म्हणाल्या, "दहा. मजा आली."

पुढे चहा पिताना तुकड्यातुकड्यानं मला त्यांची कथा कळली. माहेर निपाणीजवळच्या तंबाखूच्या गावात. शिक्षण बेळगावात, आणि नोकरी बेंगळुरूच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात, कर्मचारी विभागात. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कुणी विचारलं तर "राहून गेलं" एवढंच सांगायच्या. चाळिशीत डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. रस्त्यावर कुत्री अंगावर यायची. कारखान्याच्या अधिकाऱ्यांच्या क्लबात मात्र लहानसं गोल्फचं मैदान होतं, कुंपण घातलेलं, आणि आत एकही कुत्रं नाही. "फिरायला म्हणून जायला लागलो आणि हातात काठी आली," त्या म्हणाल्या. तिथे खेळणारे पुरुष आधी हसले, मग त्यांनी शिकवायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला. अक्कांनी सोडला नाही. निवृत्तीनंतर त्या आमच्या रेंजवर येऊ लागल्या. एकदा एका मुलानं चेंडू लागेना म्हणून काठी फेकून दिली आणि भोकाड पसरलं. आई समजावून थकली. अक्का त्याच्या शेजारी उभ्या राहून आपले चेंडू मारू लागल्या. एकही नीट जाईना. थोड्या वेळानं मुलानं रडणं थांबवलं, मग हसू लागला, मग आपली काठी आणायला गेला. सुरेशअण्णांनी ते पाहिलं आणि त्याच दिवशी त्यांना विचारलं.

"वाईट खेळायला पण शिकावं लागतंय," अक्का म्हणायच्या. "चांगलं खेळायला शिकवणारे तुझ्यासारखे पुष्कळ आहेत."

हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं, पण मला ते झोंबलं. त्याचं कारण मी तिथे कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी पुण्यात लहानपणापासून खेळत होते, स्पर्धा जिंकल्या होत्या, व्यावसायिक होण्याच्या बेतात होते. गोल्फमध्ये होलच्या जवळ आलं की चेंडू हलकेच ढकलून आत घालायचा असतो. त्याला पट म्हणतात. हातभर अंतरावरचा पट लहान मूलही घालतं. एका निवड स्पर्धेत तेवढ्या अंतरावर माझा उजवा हात आपोआप उडाला आणि चेंडू बाजूनं निघून गेला. पुढच्या होलवर पुन्हा. मग तो हात माझा राहिलाच नाही. डॉक्टर झाले, व्यायाम झाले, पकड बदलून झाली, मन शांत करणारे वर्ग झाले. लांबचे फटके मी अजूनही पूर्वीसारखेच मारत होते, पण लोकांसमोर पट मारायचं मी बंद केलं. स्पर्धा सोडल्या आणि शिकवायला बेंगळुरूला आले.

अक्का चेंडूकडे बघत नसत, माणसांकडे बघत. त्यामुळे त्यांना ते दिसलंच. एका सकाळी त्या म्हणाल्या, "पोरांना पट शिकवताना तू चेंडू हातानं होलात ठेवून दाखवतेस. काठीनं का घालत नाहीस?"

मी सगळं सांगितलं. आजवर ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यांनी त्यांनी लगेच उपाय सांगितला होता. अक्कांनी एकही सांगितला नाही. त्यांनी प्रश्न विचारले. आधी कुठलं बोट उडतं? गॅस पेटवताना होतं का? सुईत दोरा ओवताना? डोळे मिटून मारलं तर? कुणी बघत नसलं तर? झाडावर कधी न पाहिलेला पक्षी येऊन बसावा तशा त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत माझ्या त्या हाताबद्दल नुसतं कुतूहल कुणाला वाटलं नव्हतं. मला बरं वाटत होतं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मग वाईट खेळ की. कोण नको म्हणालंय?"

मला राग आला. "अक्का, तुम्हाला नाही कळणार ते. तुम्ही कधी चांगलं खेळलाच नाहीत."

"खरं आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांना जराही लागलं नव्हतं. "चांगलं असलेलं वाईट कसं होतंय ते मला माहीत नाही. कसं वाटतंय ते तू सांग मला."

मी चहा संपवून उठले.

त्याच सुमारास पालकांची कुरबुर सुरू झाली. तन्वीचे वडील देशकर त्यात पुढे होते. त्यांना वाईट म्हणता येणार नाही. आठवडाभर काम करून सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून मुलीला घेऊन येणारा, तिची पिशवी स्वतः वाहणारा माणूस. पण मुलीच्या अंगात खेळ आहे हे त्यांना दिसत होतं आणि दिवस वाया जातायत असं वाटत होतं. एका रविवारी वर्ग संपल्यावर पाच-सहा पालक सुरेशअण्णांच्या खोलीत जमले. देशकर शांतपणे बोलले. म्हणाले, आम्हाला मॅडमबद्दल रिस्पेक्ट आहे, पण हात मिळवायला शिकायचं तर ते सोसायटीतही शिकता येतं. तो अर्धा तास खेळाला द्या. कुणीतरी आनेकलच्या मुलांचा विषयही काढला, की वर्गात गर्दी होते. मग देशकरांनी अक्कांनाच विचारलं, "मॅडम, तुमचा स्वतःचा गेम कसा आहे? आम्ही कधी पाहिला नाही."

"बघा की," अक्का म्हणाल्या. "पुढच्या रविवारी खेळतो मी. मृणालपण खेळेल."

मृणाल म्हणजे मी. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हणाले, तुम्ही मला न विचारता माझं नाव दिलंत. त्या म्हणाल्या, "नको असलं तर नको म्हण. मी एकटी खेळतो." नको म्हणणं सोपं होतं. आठवडाभर मी ते रोज ठरवत होते. पण अक्कांचं काय होणार ते मला स्पष्ट दिसत होतं. त्या सगळ्यांसमोर नऊ-दहा-अकरा करणार, पालकांचं म्हणणं खरं ठरणार, त्यांचा अर्धा तास जाणार, आणि त्याबरोबर बसनं येणारी ती मुलंही. निदान माझे लांबचे फटके तरी चांगले बसतील, एवढाच विचार करून मी गेले.

रविवारी पालक नेहमीपेक्षा जास्त होते. मुलं गवतावर बसली होती. एकच होल खेळायचा ठरला, मागचा सगळ्यात आखूड. आधी अक्का. त्यांनी टोपी नीट केली, चेंडू ठेवला, काठी फिरवली. काठी चेंडूच्या अंगावरून गेली. चेंडू जागचा हलला नाही. मागे उभ्या असलेल्यांना वाटलं, नुसतं अंग मोकळं करायला फिरवली. नियमानं हुकलेला फटकाही मोजतात, पण तसं समजायला कुणाचीच हरकत नव्हती. अक्का मोठ्यानं म्हणाल्या, "एक."

पालकांत जरा चुळबुळ झाली. देशकरांनी मान वर केली. पुढचा फटका लागला, पण तिरका. चेंडू त्यांनी वाळूत शोधला. वाळूतून तीन फटके. प्रत्येकाचा आकडा मोठ्यानं. त्यांच्या आवाजात ओशाळेपणा नव्हता, विनोद करायचा आवही नव्हता. शेवटी चेंडू आत गेला तेव्हा अकरा झाले होते. "अकरा," त्यांनी सांगितलं आणि माझ्याकडे वळून जागा करून दिली.

माझा पहिला फटका चांगला बसला. चेंडू सरळ होलच्या भोवतीच्या कातरलेल्या गवतावर जाऊन थांबला आणि पालकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फटक्यानं मी तो होलपासून हातभर अंतरावर आणला. मग सगळं शांत झालं. मुलं अक्कांनी शिकवल्याप्रमाणे श्वास रोखून बसली होती, आणि ती शांतता मला पेलवेना. हात उडाला. चेंडू होलच्या कडेवरून पलीकडे गेला. मी पुन्हा मारला. पुन्हा उडाला. तिसऱ्यांदाही चुकला. चौथ्यांदा कसाबसा आत पडला. मी वाकून तो उचलला आणि वाकलेलंच राहावं असं वाटलं.

"किती?" अक्कांनी विचारलं. रोज मुलांना विचारायच्या त्याच आवाजात.

मी सरळ झाले. सगळे माझ्याकडे बघत होते. "सहा," मी म्हणाले.

"सरी."

तो आकडा तोंडाबाहेर पडला आणि तेवढाच राहिला. पोटात होता तेव्हा केवढा मोठा वाटायचा. बाहेर आल्यावर सहा म्हणजे सहाच होते. आनेकलकडच्या मुलांतली एक मुलगी गंभीरपणे मला म्हणाली, "मिस, स्वल्प जास्त झाले." आधी मुलं हसली, मग पालक, मग मीसुद्धा. त्या गवतावर मला हसू येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

देशकरही हसले. अक्कांनी त्यांच्यासमोर आपली काठी धरली. "या की देशकर. एकच होल."

ते नको नको म्हणत होते, पण तन्वी उठून उभी राहिली होती. त्यांनी आयुष्यात काठी हातात धरली नव्हती. त्यांनी फिरवली, चेंडू जागच्या जागी. "ही प्रॅक्टिस," ते म्हणाले. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. "अजून प्रॅक्टिस." तिसऱ्यांदा चेंडू काठीच्या टोकाला लागून घरंगळत गेला. ते हसत बाजूला झाले.

"किती?" अक्कांनी विचारलं.

"एक ना," देशकर म्हणाले.

"तीन, बाबा," तन्वी म्हणाली. हळू म्हणाली, पण तिथे दुसरं कुणी बोलत नव्हतं.

सगळ्यांच्या माना त्या घरंगळलेल्या चेंडूकडे होत्या. मी मात्र देशकरांच्या चेहऱ्याकडे बघितलं. आधी तो लाल झाला. मग त्यांनी मुलीकडे बघितलं, आणि हळूहळू त्यांना तिचे आजवरचे आकडे उमगत गेले असं मला वाटलं. तन्वीनं नजर खाली घेतली नाही.

"हो," ते म्हणाले. "तीन." आणि काठी परत न देता चेंडूपाशी चालत गेले. त्यांनी तो होल पुरा खेळला. शेवटचा आकडा त्यांनी स्वतःच्या तोंडानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगितला. तो मी इथे लिहीत नाही. त्यांनाच विचारावा.

त्या दिवसानं सगळं बदललं असं म्हणता येणार नाही. दोन कुटुंबांनी मुलांना काढून घेतलं. सुरेशअण्णांनी अक्कांच्या अर्ध्या तासाला हात लावला नाही, एवढं झालं. तन्वीचे आकडे एकदम वाढले. आधी नऊ, मग आठ. देशकर जाळीमागे उभे राहून हात पाठीशी बांधून घेत आणि ओठ मिटून ठेवत. ते त्यांना किती जड जात होतं ते दिसायचं. पुढे तन्वीचा खेळ आमच्या रेंजला पुरेनासा झाला आणि ते तिला देवनहळ्ळीकडच्या मोठ्या मैदानावर नेऊ लागले. जायच्या आधी ती अक्कांशी हात मिळवायला आली. मी मुलांसमोर काठीनं पट मारून दाखवू लागले. कधी हात उडतो, कधी उडत नाही. उडाला की मुलं माझ्या बोटांकडे बघतात आणि विचारतात, आधी कुठलं हललं? अक्कांनीच त्यांना ती सवय लावली. गेल्या वर्षी मी पुण्यात जाऊन एक लहान स्पर्धाही खेळले. शेवटून तिसरी आले. पूर्ण खेळले.

त्याच वर्षी अक्कांच्या थोरल्या बहिणीचं, सुशीलाताईंचं, पाय घसरून हाड मोडलं. त्या निपाणीला भाच्याकडे असत. अक्का म्हणाल्या, जाऊन येतो. पण जाताना त्यांनी आपल्या काठ्या बसनं येणाऱ्या मुलांना वाटून टाकल्या, तेव्हा त्या परत येणार नाहीत हे मला कळलं. मी विचारलं, तिथे खेळायचं कुठं? त्या म्हणाल्या, "तिथं कुत्री कमी आहेत." पुढे फोनवर बोलणं व्हायचं. त्या मुलांची नावं घेऊन प्रत्येकाबद्दल विचारायच्या आणि कोण जिंकलं ते कधीच विचारायच्या नाहीत. या हिवाळ्यात एका सकाळी त्या उठल्याच नाहीत. भाच्याचा, प्रकाशचा, फोन आला.

मी भेटायला गेले तेव्हा दिवस होऊन गेले होते. पुढच्या खोलीत पांढऱ्या टोपीतला त्यांचा फोटो लावला होता. सुशीलाताई पलंगावर बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू येतं. शेजारपाजारचे दोघे-चौघे होते. प्रकाशनं माझी ओळख करून दिली, ह्या बेंगळूरला मावशीबरोबर शिकवायच्या, स्वतः मोठ्या खेळाडू आहेत. सगळे माझ्याकडे आदरानं बघू लागले. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, बाईंनी गावाचं नाव काढलं, एवढ्या शहरात जाऊन साहेबलोकांच्या पोरांना शिकवायचं म्हणजे काय! प्रकाश म्हणाला, "मावशी कधी सांगायची नाही स्वतःबद्दल. तुम्ही तरी सांगा. कशी खेळायची ती?"

सगळे वाट बघत होते. चहाचा कप माझ्या हातात होता. शोकाच्या घरी काय म्हणायचं असतं ते मला माहीत होतं, आणि ते म्हटलं असतं तर कुणाचंच काही बिघडलं नसतं.

"फार वाईट खेळायच्या," मी म्हणाले.

प्रकाशचा चेहरा उतरला. सुशीलाताईंनी आम्हा सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं आणि त्याला विचारलं, "काय म्हणाली ती?" त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. मी कप खाली ठेवला, त्यांच्याजवळ गेले आणि कानापाशी वाकून तेच पुन्हा सांगितलं.

मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या, पदर तोंडाला लावून, मोडलेला पाय दुखेल म्हणून दुसऱ्या हातानं मांडी धरून.

"मलाबी तेच सांगायची की," त्या म्हणाल्या. "जन्मभर सांगायची. मला वाटायचं, उगीच म्हणते."

मग त्यांनी माझा हात धरून मला पलंगावर बसवलं, कानाची बाजू माझ्याकडे केली आणि म्हणाल्या, "बस इथं. आता नीट सांग सगळं."